भीतीची पावती

माझ्या टेबलाच्या खणात एक कागद पंधरा-सोळा वर्षांपासून पडून आहे. २००९ च्या जुलै महिन्यातली ती एक पावती आहे. रक्कम ४९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे चोवीसशे रुपये. पावतीवर ज्या मालाचे नाव आहे तो माल मुळात नव्हताच. मी ती फाडून टाकली नाही आणि बरीच वर्षे कोणाला दाखवलीही नाही. आज तिच्याविषयी तुमच्याशी बोलावे असे मनात आले, त्याला एक कारण घडले आहे. ते शेवटी सांगतो.

त्या वर्षी माझ्या घरी पहिला कॉम्प्युटर आला होता. वापरलेला, हप्त्याने घेतलेला. संध्याकाळी कामावरून आलो की जुन्या वह्यांतल्या कविता मी श्रीलिपीत टाईप करत बसायचो. दीडशेच्या आसपास कविता झाल्या होत्या. वह्यांना वाळवी लागली होती, काही पाने पावसात भिजून गेली होती. कविता एकदा यंत्रात गेल्या म्हणजे सुरक्षित झाल्या, असे मला वाटे. एका रात्री इंटरनेटवर एका जुन्या शायराची माहिती शोधत होतो. कुठल्याशा पानावर टिचकी मारली आणि पडद्यावर एक चौकट उघडली. लाल अक्षरे, पिवळा त्रिकोण, मध्ये उद्गारचिन्ह. तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरसची लागण झाली आहे, असे तिथे इंग्रजीत लिहिले होते. खाली फायलींची नावे भराभर सरकत होती आणि सापडलेल्या व्हायरसांचा आकडा वाढत होता. सात, बारा, एकवीस, अडतीस.

मी घाबरलो. मोफत तपासणीचे बटण होते, ते दाबले. मग तर चौकट कायमची मुक्कामाला आली. दर पाच मिनिटांनी वर यायची आणि तुमच्या फायली नष्ट होत आहेत, असे सांगायची. माझ्या डोळ्यांसमोर फक्त कविता होत्या. उपाय एकच दिसत होता : पूर्ण आवृत्ती विकत घ्या, क्रेडिट कार्डाने पैसे भरा. माझ्याकडे कार्ड नव्हते. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याकडे होते. सकाळी त्याला फोन करून कार्डाचा नंबर मागितला. कशासाठी, असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो, ‘एक पुस्तक मागवायचंय.’ मी खोटे का बोललो? मला काही कळत नाही हे त्याला कळू नये, एवढ्यासाठीच.

पैसे भरले. चौकट हिरवी झाली. तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे, असे तिने सांगितले आणि पुन्हा ती आली नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली. हे सांगताना आजही संकोच वाटतो, कारण सगळ्या व्यवहारात ती झोप तेवढी खरी होती.

दोन महिन्यांनी रमजान ईदला भाचा आला. कॉम्प्युटर फार हळू चालतो, म्हणून तो पाहायला बसला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘मामू, ये तो कुछ बी नई करता. खाली चित्र है ये.’ मग त्याने कार्डाच्या कंपनीला फोन करून कार्ड बंद करून घेतले. मी सांगितलेल्या पुस्तकाबद्दल त्याने विचारले नाही.

ते चित्र म्हणजे काय, हे मला पुढे हळूहळू समजत गेले. आपण ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा ती वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरच्या आत शिरून फायली तपासू शकत नाही. ब्राउझर तिला तशी मुभाच देत नाही. मला दिसलेली तपासणी ही सिनेमाच्या फितीसारखी हलती चित्रे होती. फायलींची नावे आधीच लिहून ठेवलेली, आकडाही ठरलेला. माझ्या शेजाऱ्याने ते पान उघडले असते तर त्यालाही हेच व्हायरस दिसले असते. गंमत अशी, की त्या काळात मॅकिन्टॉश वापरणाऱ्यांच्या पडद्यावरही ही चौकट यायची आणि त्यांच्या सी ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडल्याचे सांगायची. मॅकिन्टॉशमध्ये सी ड्राइव्ह नावाची गोष्टच नसते. अर्थात धंदेवाल्यांनी पुढे तीही उणीव भरून काढली. २०११ च्या मे महिन्यात मॅक डिफेंडर या नावाने खास मॅकिन्टॉशसाठी खोटा अँटिव्हायरस आला आणि तो काढून टाकायचा कसा, हे अ‍ॅपल कंपनीला प्रसिद्ध करावे लागले.

चौकटीतली बटणेही चित्रेच असत. ‘होय’, ‘नाही’, कोपऱ्यातली फुली, यांपैकी काहीही दाबले तरी अर्थ एकच, होकार. एकदा होकार दिला की मात्र खराच एक प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये उतरत असे. इथून पुढे चित्राचे काम संपून जुलमाचे काम सुरू होई. अशा प्रोग्रामांपैकी काही खऱ्या अँटिव्हायरसला बंद पाडत, काही दुसरा कोणताच प्रोग्राम उघडू देत नसत. तुम्ही काहीही उघडायला जा, त्यालाही लागण झाली आहे, असे उत्तर मिळे. पैसे भरले की हा त्रास थांबे. आजार त्यांचा, औषध त्यांचे आणि बरे वाटल्याचा दाखलाही त्यांचाच.

हा उद्योग कोणी एकटादुकटा पोरगा खोलीत बसून करत असेल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. यातली सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे इनोव्हेटिव्ह मार्केटिंग. तिची नोंदणी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशात होती आणि कामकाज युक्रेनची राजधानी कीव्ह इथून चाले. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही तिच्या मालाची नावे. नावे पाहा, कशी दुकानात मांडलेल्या खऱ्या मालासारखी वाटतात. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणारे फेडरल ट्रेड कमिशन हे सरकारी खाते आहे. त्याने डिसेंबर २००८ मध्ये या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. या टोळीने दहा लाखांहून अधिक ग्राहकांना फसवल्याचे त्या खात्याचे म्हणणे होते. २०१० च्या मे महिन्यात शिकागोत फौजदारी आरोपपत्र दाखल झाले. साठांहून अधिक देशांतल्या लोकांनी हा खोटा माल विकत घेतला आणि त्यांचे दहा कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले, असे त्यात म्हटले होते. आरोपींमध्ये स्वीडनचा ब्यॉर्न सुंडिन होता आणि शैलेशकुमार जैन हा अमेरिकी नागरिक होता. दोघांचीही नावे एफबीआयच्या फरारी आरोपींच्या यादीत लागली. २०१२ मध्ये न्यायालयाने कंपनीची एक अधिकारी क्रिस्टी रॉस हिला सोळा कोटी तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

या लोकांनी जाहिराती कशा लावल्या, तो प्रकार वर्तमानपत्राच्या वाचकांनी तर मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. आपण चांगल्या, नावाजलेल्या कंपन्यांच्या वतीने जाहिरात देत आहोत, असे सांगून ते इंटरनेटवर जागा विकत घेत. जाहिरातीची तपासणी करणाऱ्या माणसाने ती उघडली, तर त्याला साधी, सभ्य जाहिरात दिसे. सामान्य वाचकाने उघडली, की लाल चौकट. दोघांना दोन चेहरे. सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे माझ्या प्रकरणानंतर दोनच महिन्यांनी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर शनिवार-रविवारी वाचकांना अशीच चौकट दिसू लागली. एका टेलिफोन कंपनीचे नाव सांगून कोणी तरी ती जागा घेतली होती. आधी काही दिवस खरी जाहिरात चालवली आणि सुटीचे दिवस पाहून ती बदलली. २०१० मध्ये मिनियापोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रावर तीच पाळी आली. तिथे हॉटेलांच्या एका साखळीचे नाव पुढे करून खोटी जाहिरात संस्थाच उभी केली होती. त्या प्रकरणातला लॅटव्हियाचा पेतेरिस साहुरोव्ह पुढे पोलंडमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याला ३३ महिन्यांची शिक्षा दिली. तिथे बळी पडलेल्यांकडून किती घेतले जात होते? ४९ डॉलर ९५ सेंट. हा आकडा वाचला तेव्हा मी खण उघडून माझी पावती पुन्हा पाहिली.

म्हणजे चौकट भेटली ती चोरबाजारात फिरणाऱ्यांनाच, असे नाही. सकाळी चहा घेत बातम्या वाचणाऱ्या माणसाला ती भेटली.

रक्कम एवढीच का, यालाही उत्तर आहे. ती इतकी मोठी नसावी, की माणूस पोलिसात जाईल आणि इतकी लहानही नसावी, की माल खोटा वाटेल. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरच्या नोंदी अभ्यासल्या. तिन्ही टोळ्यांची मिळून कमाई तेरा कोटी डॉलरांहून जास्त भरली. सापळ्यात आलेल्या शंभरांपैकी साधारण दोन जण पैसे भरत. दोन हे प्रमाण ऐकायला किरकोळ वाटते, पण लाखो लोकांमागे दोन टक्के म्हणजे केवढे झाले! त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तक्रार करणाऱ्या काही गिऱ्हाइकांना या टोळ्या पैसे चक्क परत करत. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. फार लोकांनी बँकेकडे तक्रार केली, तर कार्डाच्या कंपन्या खाते बंद करतात. म्हणून जो ओरडेल त्याला परत द्यायचे आणि जो गप्प बसेल त्याचे ठेवून घ्यायचे. हा सगळा धंदा गप्प बसणाऱ्यांच्या पैशावर चालत होता. मी त्यांच्यातलाच एक.

२०११ च्या मध्याला अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून छापे घातले, पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांवर दबाव आला आणि खोट्या अँटिव्हायरसची ती जुनी लाट ओसरली. पण ओसरली म्हणजे संपली नाही. तिने वेश बदलला.

त्या वेशांकडे जाण्याआधी थोडे आमच्या गावाकडे वळतो. लहानपणी गावच्या उरुसात एक माणूस बसायचा. आजारी पोर कडेवर घेतलेली बाई दिसली, की तिला थांबवून म्हणायचा, ‘माय, या लेकरावर सावली आहे.’ बाई हिंदू की मुसलमान, हे तो पाहत नसे. बाईने मघापर्यंत सावलीचा विचारही केलेला नसे. तिला पोराच्या तापाची काळजी असे एवढेच. एका वाक्याने त्या साध्या काळजीची भीती होई आणि मग पेटीतून ताईत निघे. माझी आई पाचवीपर्यंत शिकलेली. ती म्हणायची, ‘जो सावली दाखवतो, त्याच्याकडून ताईत घेऊ नये.’ एवढे साधे सूत्र घरात ऐकून मी मोठा झालो, बी. ए. झालो, शब्दांवर हयात घालवली आणि एका लाल चौकटीपुढे ते विसरलो.

मला त्यात सर्वांत लागली ती गोष्ट ही. त्या प्रोग्रामात यंत्राचे कसब फार थोडे होते. सगळी करामत शब्दांची होती. पाच-सहा ओळी, तीही धड नसलेल्या इंग्रजीत. पण त्या लिहिणाऱ्याला माहीत होते, की माणसाला विचार करायला वेळ द्यायचा नाही. म्हणून प्रत्येक ओळीत ‘आत्ता’, ‘ताबडतोब’, ‘लगेच’. त्याला हेही माहीत होते, की आकडा दिला की माणूस विश्वास ठेवतो. नुसते ‘व्हायरस आहेत’ म्हटले असते तर मी कदाचित थांबलो असतो. अडतीस म्हटल्यावर कोणी तरी मोजले असणार, असे मला वाटले.

आता बदललेल्या वेशांकडे येऊ. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच फेडरल ट्रेड कमिशनने एकदम सहा खटले जाहीर केले. त्यातले बहुतेक टोळीवाले भारतातून बोलत होते. मायक्रोसॉफ्ट, डेल अशा कंपन्यांची नावे सांगून ते अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना फोन करत. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. कॉम्प्युटर रोजच्या कामातल्या बारीकसारीक अडचणी तिच्यात टिपून ठेवतो. अगदी धडधाकट कॉम्प्युटरमध्येही तिथे लाल-पिवळ्या खुणा असतातच. फोनवरचा माणूस गोड बोलून ही वही उघडायला लावी आणि म्हणे, पाहा, किती बिघाड आहेत. दुरुस्तीची फी ४९ ते ४५० डॉलर. लाल चौकट बनवायचे कष्टही त्यांनी वाचवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून गुरुग्राम आणि नोएडातल्या अशा सोळा कॉल सेंटरांवर पोलिसांनी छापे घातले. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये जे प्रकरण उघडकीला आले, तिथे कॉम्प्युटरचे नाव नव्हते. अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतो, असे सांगून तिथली मुले परदेशातल्या लोकांना अटकेची धमकी देत. पण वीण तीच. आधी भीती, मग घाई, मग पैसे. पोलिसांनी सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. त्यांत विशी-पंचविशीची, नोकरी शोधत तिथवर आलेली मुलेमुली होती, हेही विसरता येत नाही.

हे फक्त चोरांचेच काम, असेही समजू नये. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी. तिथे गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरची मोफत तपासणी होत असे. तपासणीआधी चार प्रश्न असत : कॉम्प्युटर हळू चालतो का, मधेच बंद पडतो का, व्हायरसच्या सूचना येतात का, नको त्या जाहिराती येतात का. यांपैकी एकाही प्रश्नावर खूण केली, की तपासणीत काहीही निघो, लागणीची लक्षणे आढळली, असेच उत्तर येई. मग शेकडो डॉलरांची दुरुस्ती. २०१९ मध्ये हे उघड झाले तेव्हा ऑफिस डेपो आणि तिला तो प्रोग्राम पुरवणारी कंपनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरायला तयार झाल्या. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांनी अशाच एका प्रकरणात दोन कोटी साठ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. सरकारी तपासनिसांनी गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे धडधाकट कॉम्प्युटर तपासायला दिला होता. त्यातही शेकडो दोष निघाले होते.

आणि आता ते कारण, ज्याच्यामुळे ही पावती खणातून बाहेर आली.

आमच्या शाळेत मराठी शिकवणारे एक सर आहेत. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. मुलगा परदेशी असतो, सर आणि बाई दोघेच घरी. मुलाने दिलेल्या लॅपटॉपवर सर रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचतात. मागच्या वर्षी एका सकाळी पडदा एकदम निळा झाला, भोंगा वाजू लागला आणि एक बाई इंग्रजीत बोलू लागली : तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. सरांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. त्याने सांगितले तसे करत सरांनी लॅपटॉपचा ताबा त्याच्याकडे दिला. दुरुस्तीचे अठरा हजार गेले. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, की आमची सेवा बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत, बँकेचे पान उघडा. त्या परताव्याच्या नावाखाली आणखी लाखभर गेले.

सरांनी हे कोणालाही सांगितले नाही. मुलाला नाही, बाईंनासुद्धा नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते जेमतेम बोलले. ज्यांच्या वर्गात आम्ही बोलायला शिकलो, ते सर गप्प. बाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘तीन आठवडे झाले, पेपरसुद्धा वाचत नाहीत.’ मला अंदाज आला. दुसऱ्या दिवशी मी ही पावती खिशात घालून गेलो आणि काही न बोलता त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी चष्मा लावून ती वाचली, आमच्या वह्या वाचत तशी. मग म्हणाले, ‘अरे, यात तर इंग्रजी स्पेलिंगसुद्धा चुकलंय.’ मी म्हणालो, ‘हो सर. आणि मी ते पंधरा वर्षं कोणाला सांगितलं नाही.’ सर हसले. मग त्यांनी त्यांची हकिगत सांगितली.

आम्ही तिथूनच १९३० या क्रमांकावर फोन लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी क्रमांक आहे. तक्रार लगेच केली, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. सरांच्या बाबतीत मधे तीन आठवडे गेले होते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कधीच निघून गेले होते. भीतीने सरांचे जेवढे नुकसान केले, त्यापेक्षा जास्त लाजेने केले.

म्हणून मला वाटते, या धंद्याचे भांडवल दोन आहेत. पहिले भीती, जे सगळ्यांना दिसते. दुसरे लाज, जे कोणाला दिसत नाही. माझे चोवीसशे गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी चार लोकांना सांगितले असते, तर त्यातला एखादा तरी वाचला असता. आज ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जे चालते, तेही याच घराण्यातले. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओवर येतो आणि पहिली अट घालतो, की घरात कोणाला सांगायचे नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही या प्रकाराविषयी लोकांना सावध केले आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असे सांगितले. मी त्यात एकच भर घालीन. थांबा आणि कोणाला तरी विचारा.

काही साध्या गोष्टी सांगून संपवतो. इंटरनेट पाहताना अशी चौकट आली, तर तिच्यावर कुठेही टिचकी मारू नका, फुलीवरही नको. कीबोर्डावर आल्ट आणि एफ-४ एकदम दाबा. पडदाभर पान पसरले असेल तर एस्केपचे बटण काही क्षण दाबून धरा. काहीच जमले नाही तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. बंद करू नका, असे तिथे लिहिलेले असते, ते त्यांच्या सोयीसाठी. पुन्हा सुरू केल्यावर आधीची पाने उघडू का, असे ब्राउझर विचारतो, तिथे ‘नाही’ म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे लक्षात ठेवा. कोणी फोनवरून एखादे अ‍ॅप उतरवायला सांगून तुमचा पडदा बघायला मागितला, तर फोन ठेवून द्या.

सगळेच अँटिव्हायरस खोटे, असा अर्थ मात्र काढू नका. व्हायरस खरे असतात आणि त्यांच्यावरचे उपायही खरे असतात. विंडोजमध्ये २०१२ पासून अँटिव्हायरस आतच बसवलेला येतो. पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून क्विक हील उभे केले, ते खऱ्या गरजेवर. खऱ्या-खोट्यातला फरक ओळखायचा कसा? ज्याने आजार सांगितला, त्याच्याच हातून त्याच क्षणी औषध घेऊ नका. दुसऱ्याला दाखवा. खरे औषध उद्याही मिळते. आणि आपले जे मोलाचे असेल, फोटो, कागदपत्रे, कविता, त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. २००९ मध्ये माझ्याकडे तशी प्रत असती, तर ती चौकट मला एवढी घाबरवू शकली नसती.

माझ्या त्या कवितांचे काही झाले नाही. त्यांना धोका कधी नव्हताच. सर आता पुन्हा पेपर वाचू लागले आहेत. माझे नाव घेऊ नकोस पण सांग, असे म्हणून त्यांनीच मला हे बोलायला परवानगी दिली. त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर त्यांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात १९३० हा आकडा लिहिला आहे आणि खाली एकच शब्द : ‘विचारा’.